आपला ठोका

मी कपडे अल्टर करणारी बाई. दुसऱ्याने शिवलेलं उसवायचं आणि समोरच्याच्या मापाने पुन्हा शिवायचं, हा माझा धंदा. लग्नही मी त्याच पद्धतीने केलं, असं माझी धाकटी बहीण म्हणते. नवरा आयता, घर आयतं, चौथीतली मुलगी आयती. बहिणीच्या जिभेला हाड नाही, पण या वेळी ती फारशी चुकली नव्हती. फक्त माप काही बसत नव्हतं.

मुलीला घरात सगळे मुंगी म्हणतात, कारण ती एका जागी ठरत नाही. तिची आई आजारपणात गेली, त्यानंतर काही वर्षांनी मी त्या घरात आले. मुंगीने मला कधी उलट उत्तर दिलं नाही की दार आपटलं नाही. तिने एकच केलं. माझ्याशी बोलताना ती वाक्य अशा बेताने जुळवायची की त्यात मला हाक मारायला जागाच उरू नये. "मीठ हवंय," असं ती भिंतीला सांगायची. "शाळेत सही मागितलीय," हे पंख्याला. केसांना तर मला हातच लावू द्यायची नाही. तिची आई चार पदरी वेणी घालायची म्हणे. मला येते ती साधी, तीन पदरांची. मुंगी केस मोकळेच सोडायची, आणि तिचा बाप सकाळी त्यांना कसंबसं रबर लावायचा.

एकदा मी तिच्या गणवेशाचं बटण लावत होते. दोरा कापायला कात्री घेतली तेव्हा ती खिडकीकडे बघत म्हणाली, "आई दातानेच तोडायची."

"दात झिजतात गं," मी म्हणाले.

"आईचे नव्हते झिजले."

मी कात्री ठेवून दिली.

त्या वर्षी सुट्टीत नवरा म्हणाला, "समुद्राकाठच्या जंगलात एक तळ आहे. तंबू ठोकून राहतात लोक. आम्ही तिघं दर वर्षी जायचो. ती गेल्यापासून गेलोच नाही. जाऊया?"

मी हो म्हणाले. ही माझी परीक्षा आहे हे मला कळत होतं, आणि पेपर दुसऱ्या बाईने काढलाय हेही कळत होतं.

माळ्यावरून जुना तंबू खाली आला. हिरवा, आणि त्याला ताण द्यायच्या केशरी नायलॉनच्या दोऱ्या. भांड्यांच्या पिशवीत एक जाड पातेलं होतं, एका बाजूने पोचेच पोचे पडलेलं. "हे काय, भांडण झालं की डोक्यात घालायचात का?" मी विचारलं. नवरा हसला, पण पातेलं त्याने दोन्ही हातांनी उचलून गाडीत ठेवलं.

जागा खरोखर सुंदर होती. उंच सरळ झाडं, खाली वाळलेल्या पानांची गादी, आणि झाडं संपली की एकदम कडा. कड्यातून दगडी पायऱ्या उतरायच्या की खडकाळ किनारा. हवेला राळेचा आणि शेवाळाचा वास. आमच्या डावीकडे एक निवृत्त जोडपं होतं. त्यातल्या आजी दर पाच मिनिटांनी आजोबांना चष्मा कुठे ठेवला ते विचारायच्या आणि चष्मा आजींच्याच डोक्यावर असायचा. पलीकडे कॉलेजच्या मुलांचा दंगा. तळाचा रखवालदार, पांढऱ्या मिशांचा, नवऱ्याला बघून थांबला. मग त्याने माझ्याकडे पाहिलं, पुन्हा नवऱ्याकडे पाहिलं आणि हळूच विचारलं,

"ठोका तोच ना?"

"तोच," नवरा म्हणाला.

तंबूच्या खुंट्या ठोकण्याबद्दल काहीतरी असेल, असं मला वाटलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी आमचा गॅस संपला. नवरा गाडी घेऊन गावाकडे गेला. मुंगी चप्पल घालत झाडाला म्हणाली, "ओहोटी आहे. शिंपले आणायला जातेय." आदल्या दिवशीही एकटीच गेली होती, बापाची परवानगी होती. मी म्हटलं, "लवकर ये." केस मोकळेच होते, वाऱ्यावर उडत होते. पायऱ्यांपाशी ती दिसेनाशी झाली, तोवर मी बघत होते.

आणि मग धुकं आलं.

धुकं हळूहळू उतरतं, असं मला वाटायचं. हे उतरलं नाही, समुद्रावरून चालत आलं. आधी कड्यावरची झाडं गेली. मग मधली. मग आजी-आजोबांचा तंबू, मग माझ्यासमोरची शेगडी. भरदुपारी मला स्वतःचा हात लांब केला तर बोटं नीट दिसेनात. पक्षी गप्प झाले. समुद्राचा आवाज मात्र जवळ आला, आणि तो कुठल्या बाजूने येतोय हे कळेनासं झालं. मी "मुंगी!" म्हणून ओरडले. माझा आवाज तोंडापाशीच विरला.

मी उठून धावणार, तेवढ्यात कुणीतरी माझा दंड पकडला. रखवालदार होता. कमरेला दोर बांधलेला.

"पोर खाली आहे?"

"हो. मी जाते—"

"कुठंही जायचं नाही. जो शोधायला जातो तो कड्यावरून जातो. बसा इथं आणि तुमचा ठोका वाजवा."

"कसला ठोका?"

त्याने मान पुढे करून माझ्या तोंडाकडे पाहिलं. "भांड्यावरचा. इथं प्रत्येक तंबूचा आपापला ठोका असतो, बाई. धुकं आलं की तंबूत बसलेल्याने वाजवायचा, आणि बाहेर गेलेल्याने आपल्या ठोक्यामागे चालत यायचं. दुसऱ्याच्या आवाजामागे जायचं नाही, ही इथली शिस्त. पोर लहानपणापासून शिकलीय ती. तुमच्या घरचा ठोका तुम्हाला माहीत नाही?"

"मला... कुणी सांगितलाच नाही."

नवऱ्याच्या डोक्यातच आलं नसणार. आपण घरात कुणाला सांगतो का, की दाराची कडी कुठल्या बाजूला फिरते? सगळ्यांना माहीतच असतं. मी सगळ्यांत नव्हते, एवढंच.

"तुम्हाला आठवतो का?" मी विचारलं.

त्याने नकारार्थी मान हलवली. "इतक्या तंबूंचे ठोके कुठले ध्यानात राहणार? मी पायऱ्यांच्या तोंडाशी उभा राहतो. त्याखाली मलाही दिसणार नाही. तुम्ही वाजवत राहा, काहीही वाजवा. भरती लागलीय."

तो गेला आणि दोन पावलांत नाहीसा झाला.

मी तंबूला पाठ लावून बसले, पातेलं मांडीवर घेतलं, पळी उचलली आणि बडवायला लागले. हाताला जी लय येते तीच वाजली, माझ्या शिलाई मशीनची. टकटकटकटक, एकसारखी. डावीकडून आजींचा ठोका येत होता, दोन सावकाश आणि एक जोरात. कॉलेजवाले परीक्षेआधी बाक बडवतात तसे बडवत होते. यांतलं काहीच मुंगीचं नव्हतं. ती शहाणी मुलगी होती, शिस्तीची होती, आणि म्हणूनच ती तिथेच उभी राहणार होती. आपला ठोका येईपर्यंत, पाण्यात, हलणार नाही. हे माझ्या लक्षात आलं आणि मी आणखी जोरात बडवायला लागले. देवा, मी मनात म्हणाले, तिने मला जन्मभर हाक मारली नाही तरी चालेल. तिला वर येऊ दे.

हात भरून आले. मी क्षणभर थांबले.

आणि माझ्या मागे वाजलं.

ठण्... ठण् ठण्... खर्रर्र.

एक ठोका. थांबून दोन. आणि मग पळी भांड्याच्या कडेवरून ओढल्यासारखी खरखर. अगदी जवळ. माझ्या पाठीच्या मागे तंबूचं कापड होतं, आणि कापडाच्या मागे झाडी. तिथे कुणी भांडं घेऊन बसलेलं नव्हतं. असू शकत नव्हतं.

ठण्... ठण् ठण्... खर्रर्र.

ओल्या केसांचा वास आला. नुकतेच धुतलेले, न पुसलेले केस. माझ्या मानेवर गार लागलं. मी भित्री नाही, पण खरं सांगते, त्या क्षणी माझ्यात मान वळवायची ताकद नव्हती. कापडाला मागून कुणीतरी टेकलं. माझ्या पाठीला दुसरी पाठ टेकावी तसं.

"कोण..." मी म्हणाले.

आवाज थांबला. वाट बघत असल्यासारखा थांबला. दुकानात नवीन मुलगी कामाला आली की मी एक टाका घालून दाखवते आणि थांबते, तसा. तेव्हा मला कळलं. बोटं पातेल्यावर फिरली आणि पोच्यांवर आली. इतकी वर्षं तिथेच वाजवलेलं होतं. मी त्याच जागी पळी मारली.

ठण्... ठण् ठण्... माझी खरखर चुकली, पळी घसरली. मागून ती पुन्हा वाजली, जरा सावकाश. मी पुन्हा केलं. तिसऱ्यांदा जमलं. मग आम्ही दोघी वाजवत राहिलो. ती पुढे, मी मागे. मग बरोबरीने. मग कधीतरी माझ्या ध्यानात आलं की मी एकटीच वाजवतेय आणि पाठीला काही टेकलेलं नाही. माझ्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं. भीती किती आणि बाकीचं किती, ते मला आजही सांगता येणार नाही.

किती वेळ गेला कोण जाणे. धुक्यात एक करडा ठिपका दिसला. तो मुंगी झाला. गुडघ्यापर्यंत ओली, फ्रॉकच्या ओच्यात शिंपले. रखवालदार मागे हातभर अंतरावर. "सरळ पायऱ्या चढून वर आली हो," तो म्हणाला, "माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही."

मी पातेलं टाकून तिला मिठीत घेतलं. ती थरथरत होती. तिने माझ्या खांद्यात नाक खुपसलं आणि म्हणाली,

"आधी तू चुकत होतीस. मग बरोबर वाजवायला लागलीस."

तू. भिंत नाही, पंखा नाही, झाड नाही. मी तिच्या पाठीवरून हात फिरवला, वर डोक्याकडे नेला, आणि माझा हात थांबला. तिचे केस बांधलेले होते. घट्ट वेणी, एक बट सुटलेली नाही.

"मुंगे... केस कुणी बांधले?"

तिने हात मागे नेऊन वेणी चाचपली. घाबरली नाही. थोडा वेळ ती वेणी नुसती धरून बसली.

"मी डोळे मिटून उभी होते," ती म्हणाली. "पाणी वर येत होतं ना... मला वाटलं, वारा आहे."

नवरा आला तोवर धुकं निघून गेलं होतं. झालेलं कळलं तेव्हा तो मुंगीशेजारी जाऊन बसला. "मी सांगायलाच विसरलो," एवढंच म्हणत राहिला. मग त्याचं लक्ष झोपलेल्या मुंगीच्या वेणीकडे गेलं. त्याचा चेहरा उतरला.

"ही... तुला येते?"

"शिकतेय," मी म्हणाले.

सकाळी मुंगी कंगवा घेऊन माझ्यासमोर पाठ करून बसली. "सोडताना नीट बघ. परत घालायचीय." मी एकेक पदर सोडत गेले, कुठला कुणावरून जातो ते लक्षात ठेवत. उसवण्यातूनच शिवण कळते, हे मला कुणी शिकवायला नको. वेणीच्या टोकाला बांधलेली होती केशरी नायलॉनची दोरी, बोटभर. तिची टोकं कापलेली नव्हती. चावून तोडलेली होती. कापलेलं आणि चावलेलं यातला फरक मला झोपेतही कळेल.

तंबू उतरवताना मागच्या बाजूची दोरी बघितली. मी पाठ टेकून बसले होते, बरोबर तिथली. बोटभर आखूड. मी उरलेली दोरी दाताने तोडून पाहिली. दात दुखले, दोरी तुटली नाही.

त्यानंतर आम्ही दर वर्षी जातो. ठोका आता मी मुंगीपेक्षा चांगला वाजवते, असं मुंगीच सांगते. चार पदरी वेणीही माझ्या हाताला बसली आहे. पाठीमागे परत काही वाजलं नाही. मला चुकल्याचुकल्यासारखं व्हायचं, हे नवऱ्यालाही सांगितलं नव्हतं.

यंदा शेवटच्या दिवशी मी न्हाऊन, केस मोकळे सोडून, तंबूला टेकून वाळवत बसले होते. ऊन छान होतं. मुंगी आणि तिचा बाप किनाऱ्यावर गेले होते. मला जरा डुलकी लागली. जागी झाले ती मानेला गार लागलं म्हणून. समुद्रावर धुक्याची एक बारीक रेघ होती, ती मागे मागे जात होती.

मी केस गोळा करायला हात मागे नेला. केस गोळा केलेलेच होते. मी वळले नाही. नुसते बोटांनी पदर मोजले. चार होते. टोकाशी दोरी होती, दाताने तोडलेली, अजून ओली.