भिंतीवरची उतरती रेघ

"माझ्या घरात पाणी शिरलंच नाही म्हणे! या वयात मला लबाड ठरवलंय."

निवृत्त परिचारिका, म्हणजे आळीतल्या सगळ्यांच्या 'सिस्टर', खुर्चीत टेकण्याआधीच हे बोलल्या आणि विमा कंपनीचं पत्र त्यांनी टेबलावर आपटलं.

टेबलापलीकडे खासगी तपास करणाऱ्या वहिनी होत्या. शेजारी त्यांचे दीर, भावोजी. बँकेतून निवृत्त झालेले भावोजी प्रत्येक कागद दोनदा वाचत आणि त्यांना तो अर्धाच समजे.

"भिंतीवरील पुराची खूण बनावट आहे. सात दिवसांत खुलासा करावा," त्यांनी वाचलं. "पण घराचा विमा असला की पूर त्यात आलाच ना?"

"तिथेच सगळे फसतात," सिस्टर म्हणाल्या. "या कंपनीचा साधा विमा आगीचा नि चोरीचा. माझं घर नकाशात लाल पट्ट्यात, खाडीच्या पूररेषेच्या आत. त्याला पुराचा विमा वेगळा. शिवाय घेतल्यावर तीस दिवस लागू होत नाही. मी वर्षभर आधीच घेतलाय."

"पूर आला त्या दिवशी?" वहिनींनी विचारलं.

"भाच्याने मला पाठीवर घेऊन बाहेर काढलं. तेव्हापासून त्याच्याकडेच आहे. आठव्या दिवशी कंपनीचा माणूस पाहणी करून गेला. मला विचाराल तर हे त्या जमिनीच्या दलालाचंच काम. घर विका म्हणून हात धुऊन मागे लागलाय."

तिघं लगेच तिथे गेली. सिस्टरचं घर म्हणजे मासळी धुण्याचं जुनं गोदाम. लांबलचक खोली, पांढऱ्या भिंती आणि त्यांवर तांबूस मातीची सरळ रेघ. रेघेखाली खिळ्यांवर इस्पितळातले जुने फोटो ओळीने लावलेले. कागद फुगलेले, पण काचा लख्ख.

भावोजींच्या हातून त्यांच्या खोकल्याच्या औषधाची बाटली निसटली. ती गडगडत थेट मागच्या मोरीपाशी जाऊन थांबली.

वहिनींनी मोजपट्टी काढली. रेघ जमिनीपासून पुढे तीन फुटांवर, मागेही तीन फुटांवर.

"तंतोतंत!" भावोजी खूश झाले. "म्हणजे खरीच."

वहिनी मोरीकडे गेल्या. त्यांनी मागच्या भिंतीतलं कपाट उघडलं. आत भिंतीला काळा, चिकट गाळ होता. तिथेही त्यांनी पट्टी लावली आणि कपाट बंद केलं.

मग त्यांनी एकेकाला बोलावून विचारलं. आळीतला वायरमन म्हणाला, "मी तिसऱ्या दिवशी बोर्ड काढायला आलो होतो. भिंती काळ्याकुट्ट होत्या. पुढे मांडीपर्यंत, मागे पार कमरेच्या वर."

दलाल हसला. "पाचव्या दिवशी मी खिडकीतून पाहिलं. भिंती पांढऱ्याशुभ्र! वाटलं, पाणी शिरलंच नाही. म्हणून तर भाव वाढवून दिला."

भाचा दारातच घुटमळला. "मावशीला बाहेर काढल्यावर मी इकडे फिरकलोही नाही. पाणी? सगळीकडे सारखंच. तीन फूट."

दुसऱ्या दिवशी दुपारी वहिनींनी सगळ्यांना त्याच खोलीत बोलावलं.

"जमिनीला मागे उतार आहे," त्या म्हणाल्या. "पाणी मात्र आपली पातळी सोडत नाही. मग मागे ते जास्त खोल हवं. वायरमन तेच सांगतो, कपाटातला गाळही तेच सांगतो. तिथे तो पावणेचार फुटांवर आहे. भिंतीवरची रेघ मात्र जमिनीबरोबर उतरते. ती काठीने मापून काढली आहे, तीही बागेतल्या तांबड्या मातीने. खाडीचा गाळ काळा असतो."

"म्हणजे दलालच!" भावोजी उसळले.

"भावोजी, भाव पाडून घर घ्यायची इच्छा असलेला माणूस भाव वाढवेल कशाला? तिसऱ्या दिवसानंतर कुणीतरी भिंती घासल्या, पाचव्यानंतर रेघ काढली. वैरी कुणाचे फोटो पुसून, वाळवून त्याच क्रमाने परत लावत नाही. तो क्रम घरच्याच माणसाला ठाऊक. आणि पाणी सगळीकडे तीन फूट होतं, असं एकच जण म्हणाला. त्याला पाणी आठवत नव्हतं, आपली काठी आठवत होती."

भाचा मावशीसमोर येऊन बसला.

"मावशी, तू परत येशील तेव्हा तुला तो चिखल दिसू नये म्हणून रात्रंदिवस घासलं गं. मग शेजारी म्हणाले, खूण नसेल तर विमा मिळत नाही. घाबरलो आणि..."

सिस्टरनी त्याला हाताला धरून उठवलं. मग वहिनींना म्हणाल्या, "खुलाशात याचं नाव नको."

"खरं लपवलं की उरलेलंही खोटं ठरतं," वहिनी म्हणाल्या.

"माझं नाव मीच लिहितो," भाचा म्हणाला.

कंपनीने पुन्हा पाहणी केली. कपाटातला गाळ, वायरमनची साक्ष आणि भाच्याची सही, तिन्ही जमेला धरून दावा मान्य केला. भिंतींच्या रंगाचा खर्च तेवढा नाकारला.

पत्र वाचून सिस्टरनी डोळे पुसले आणि भाच्याकडे वळून पाहिलं.

"रंगवायची फार हौस आहे ना तुला? जा, डबा नि ब्रश घेऊन ये. पण आधी जेवून घे."