रेघा दिसल्या म्हणजे दिवस

"भागचंदला कोणीतरी फसवलं. कोणी, ते आजपर्यंत कोणाला सांगता आलं नाही."

कारंजा गावातल्या घराच्या ओसरीवर कंदील बारीक करून अमृतलालकाका नेहमी इथूनच सुरुवात करत, आणि ऐकणारी तरुण मंडळी जरा जवळ सरकत. भागचंद काकांचा मावसभाऊ. परक्याची गोष्ट असती तर मी शपथेवर सांगितली नसती, असं ते म्हणत.

सन अडतीस. मार्गशीर्षातली अमावास्या, बुधवार. भागचंदची बायको राजमती तीन महिने तापानं अंथरुणावर होती. ती उठावी म्हणून त्यानं नेम धरला होता : या अमावास्येपर्यंत सूर्य मावळल्यावर अन्नाचा कण नाही, पाण्याचा थेंब नाही. आज शेवटचा दिवस. आईनं, पानाबाईनं, त्याला मुक्तागिरीच्या जैन मंदिरांच्या दर्शनाला पाठवलं होतं. वहाबची भाड्याची मोटार होती. आदल्या रात्री दोघं परतवाड्याला मुक्कामाला राहिले.

दर्शन सकाळीच आटोपलं. वहाब म्हणाला, एवढे आलोच आहोत तर चिखलदरा पाहून घेऊ. भागचंदचं चित्त घरी होतं, पण घरी जायचीही भीती वाटत होती. तो गेला. भीमकुंडात डोकावला आणि लगेच मागे फिरला. गाविलगडाच्या दरवाज्यातून दहा पावलंही आत गेला नाही. बाजारात राजमतीसाठी घोंगडी घेतली, परत केली, दुसरी घेतली. कॉफीच्या बिया नुसत्या हुंगून ठेवल्या. वहाब मात्र पानावरचा खवा मजेत चाटत होता.

"शेटजी, कायले पळता?" तो हसला. "मागं कोन लागलं तुमच्या?"

दुपार कलली आणि आभाळ खाली उतरलं. ढग रस्त्यावर आले. त्यातच मोटारीचं चाक पंक्चर झालं. वहाब ते काढत बसला. भागचंदच्या पोटात सकाळपासून काही नव्हतं. दिवस आहे तोवर दोन घास खावेत म्हणून तो त्या ढगातून एकटाच पुढे गेला.

वळणावर गवळ्याचं खोपट होतं. दारात एक म्हातारी, पुढ्यात रबडीची कढई. चूल विझलेली. दिवा नव्हता.

सूर्य कुठेच दिसेना. मग त्यानं घरातली जुनी रीत केली. उजवा तळहात डोळ्यांसमोर धरला. रेघा दिसल्या तर दिवस, नाही तर रात्र.

रेघा दिसल्या. एकेक, ठळक. आयुष्याची रेघ पार मनगटापर्यंत.

"दिवस हाये नं, माय?"

म्हातारी त्याच्या हाताकडेच पाहत होती. "तुले दिसून राह्यलं नं? मंग खाय."

त्यानं खाल्लं. पैसे पुढे केले, ते तिनं घेतले नाहीत. त्याचा उजवा हात धरला. थंड... आणि फार वेळ.

"नेम कोनासाठी?"

बायकोसाठी, तो म्हणाला.

मग तिनं हात सोडला.

तो बाहेर आला. अंधार. गच्च अंधार. वर चांदण्या. लांबून वहाबचा कंदील हलत येत होता.

"शेटजी, कुठी होते? दोन घंटे झाले रात पडून."

भागचंद वळला. खोपट होतं. छप्पर पडलेलं. उंबऱ्यात गुडघाभर गवत.

तोंडात रबडीची चव होती.

नेम मोडला होता. मोटार घाट उतरू लागली. मागच्या सीटवर घोंगडीची घडी. ती आता कोणावर घालायची...

पहाटे मोटार कारंजात शिरली. गल्लीत त्यानं कान दिला. रडणं नाही. काहीच नाही.

दार उघडलं ते राजमतीनं. उभी होती.

ताप उतरला, ती म्हणाली. काल रात्री, दिवेलागणीनंतर, एकाएकी.

तो अंगणात बसला. बऱ्याच वेळानं पानाबाईनं दुधाचा पेला आणला. त्यानं सवयीनं उजवा हात वर धरला. पाहिला. डोळ्यांजवळ नेला. पुन्हा पाहिला.

"थांब आई. अजून उजाडलं नाही."

पानाबाई त्याच्याकडे पाहत राहिली. कौलांवर ऊन आलं होतं.

तो मात्र हात धरून बसला... बसूनच राहिला.

तिसऱ्या दिवशी गल्लीतली म्हातारी हुस्नाबानो बांगड्या भरायला आली. आजारातून उठलेल्या सुनेचे हात मोकळे नकोत, म्हणून पानाबाईनंच बोलावलं होतं. राजमतीचा उजवा हात दाबता दाबता ती थांबली. तळवा उजेडाकडे वळवला.

"चाळीस सालं बायांचे हात धरून राह्यली मी," ती म्हणाली, "पन एका तळव्यावर दोन मान्साच्या रेघा आजच पाह्यल्या."