वायरी काढल्यावर

"किरणना नखनी सर नही तुले! बठ्ठा गावमा लाज काढी तू!"

जळगावच्या दवाखान्यात माझे वडील, नाना, सगळ्यांसमोर ओरडले.

"मग त्यालाच आणायचं ना!" मी पण ओरडलो.

किरण माझा मोठा भाऊ. केळीच्या मळ्यात मोटर चालू करताना शॉक लागून गेला.

ज्याला हे खोटं वाटेल त्याने इथूनच मागे फिरावं. शपथा खात बसणार नाही. मंगळवार होता, भर दुपार.

वर्गात सरांनी कानाखाली दिली, मी पण दिली, शाळा कायमची सुटली. तेव्हापासून माझा राग जावा म्हणून नाना मला चोपड्याहून त्या दवाखान्यात न्यायचे.

तिथल्या सोनल मॅडम डोक्याला गार जेल लावून वायरी चिकटवायच्या. समोर स्क्रीनवर होडी. डोकं शांत झालं की चालते, तापलं की थांबते. असं करत मेंदूला स्वतःला आवरायची सवय लागते म्हणे.

माझी होडी हलायचीच नाही.

"दगड शे हाऊ," नाना माझ्याकडे बोट दाखवून म्हणाले. मी वायरी ओरबाडून टेबलावर फेकल्या.

आणि...

होडी निघाली.

सरळ. संथ. खालचं पाणीसुद्धा हलत नव्हतं.

"मशीन बिघडलं वाटतं..." मॅडमनी बटण बंद केलं.

होडी चालूच.

पंख्याचा आवाज गेला. बाहेरच्या रिक्षांचा गेला. मग शेजारच्या रिकाम्या खुर्चीतून...

कट. कट. कट.

बोटं मोडल्याचा आवाज. किरण जेवायला बसताना अशीच एकेक मोडायचा.

मी नानांकडे बघितलं. वाटलं, घाबरले असतील.

ते रडत होते. आणि हसत होते.

"मॅडम, वायरी लावा याना डोकाले. लवकर. तो निंघी जाई."

मॅडम भिंतीला टेकून उभ्या. मग नानांनीच लावल्या. माझी मान दाबून धरून.

मी हिसका दिला. दुसरा द्यायला गेलो, तर...

हात आपोआप मांडीवर येऊन पडले.

त्यानंतर घरात भांडण नाही. नाना शिवी देत नाहीत, पहिली भाकरी आईला माझ्या ताटात वाढायला लावतात. परवा गल्लीतला बबलू भर चौकात आईवरून बोलला. आधी दात पाडले असते त्याचे. मी ऐकून घेतलं. वर हसलो.

मॅडम आता आम्हाला दारात उभं करत नाहीत. नानांनी धुळ्यात तसलंच मशीन शोधलंय. आज तिकडे नेतायत. किरण पुरता यायला आता थोडंच राहिलंय म्हणतात.

मला नाही म्हणायचंय. पण नाही म्हणायला राग लागतो.

रागच येत नाहीये.

नानांनी गाडी चालू केली. जावं लागतंय...