सेल्फ कुणी मारला?

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या, मग मध्येच खिदळू नका. माझा एक मित्र, गाड्यांचा मिस्त्री. अख्ख्या गावाच्या गाड्या दुरुस्त करतो, पण दिव्याखाली अंधार! त्याची स्वतःची गाडी पाचदा सुरू व्हायची, सहाव्यांदा ढिम्म. एरवी चाललंही असतं. पण मुलगी बाळंतपणाला आलेली, दिवस भरलेले. दोन वर्षांपूर्वी बायकोला दवाखान्यात न्यायच्या वेळी हीच गाडी अडून बसली होती, आणि ती वाचली नाही. ते त्याला आतून खात होतं.

मंगळवारची रात्र, दोन वाजून दहा मिनिटं. झोप लागेना म्हणून तो गॅरेजमध्ये आला. बॅटरी चांगली, सेल्फ चांगला, संशय उरला अर्थच्या वायरीवर, बॅटरीपासून गाडीच्या सांगाड्याला जाते तिच्यावर. पण असा लपंडाव खेळणारा बिघाड घडताना पकडावा लागतो. एकाने बॉनेटखाली वायरीला टेस्टचा दिवा जोडून तो विझतो का बघायचं, दुसऱ्याने आत बसून सेल्फ मारायचा. आत बसायची ती त्याची बायको. तीस वर्षं तेच चालायचं.

त्याने दिवा जोडला, डोकं खाली घातलं, आणि सवयीने तोंडून गेलं, "मार गं."

टक.

दिवा विझला.

"सापडला बघ!" तो म्हणाला. आणि मग... हात खिशाकडे गेला. किल्ली खिशातच होती.

काय करणार? समोर उघडं बॉनेट. पलीकडचं दिसेना. वाकून बघावं... नाही बघितलं.

मुलीचा विचार आला. त्याने वायरीचं गंजलेलं टोक घासलं. नट आवळला. डोकं पुन्हा खाली घातलं.

"...मार."

इंजिन सुरू झालं.

आणि घरातून मुलगी ओरडली, "बाबा, कळा!"

त्याने बॉनेट आपटलं. काचेमागे कुणी नाही. घाबरू नका रे, मुलगी सुखरूप आहे, नातूही. पण दार उघडून तो बसायला गेला ना, तर गुडघे स्टिअरिंगवर आपटले. सीट पार पुढे ओढलेली. संध्याकाळी गाडी त्यानेच आणून लावली होती, आणि तो माझ्याहून उंच.

त्याची बायको ठेंगणी होती... सांगितलं का मी?