पाच पेशांचा वीर आणि एक जादूगारीण

आता मी जे सांगणार आहे त्यावर कुणाचाही विश्वास बसणार नाही, आणि न बसलेलाच बरा. ज्यांचा बसला ते पुढे कायमचे बिघडले.

विषय आमच्या नातीने काढला. जेवणाच्या टेबलावर कागद, पेन्सिली आणि रंगीत फासे पसरून ती बसली होती. टेबलाभोवती चार-पाच जण जमतात, आपण शूरवीर आहोत, चेटकिणी आहोत असं धरून चालतात आणि फासे टाकत गुहा-किल्ले पालथे घालतात, त्या खेळासाठी तिला नवं पात्र बांधायचं होतं. पात्र चोर होतं. पण तिला ते निम्मं वैद्यही करायचं होतं.

"आजोबा, मल्टिक्लास कधी करावं? दुसरा पेशा कितव्या पायरीला घ्यावा?"

"प्रेमात पडल्यावर," मी म्हटलं.

तिने पेन्सिल खाली ठेवली. खिडकीशी तिची आजी बोटभर उंचीच्या शिशाच्या राक्षसाला निळा रंग देत बसली होती. तिने मान वर केली नाही. "चालू दे त्याचं," ती राक्षसाला म्हणाली.

तर चालू देतो.

तेव्हा मी चष्म्याच्या दुकानात काचा घासायचो. हाताला अशी सफाई होती की मी करून दिलेल्या चष्म्यातून एका बाईंना उद्याचं वर्तमानपत्र वाचता यायला लागलं. त्यांनी तक्रार केली, मग नंबर थोडा उतरवून दिला. रविवारी दुपारी मात्र काचा बंद. सायकल दुरुस्तीच्या दुकानावर एक खोली होती, तिथे आमचा खेळ चालायचा. दुकान ज्याचं, तोच सूत्रधार. गुहेत काय दडलंय, पूल कुठे तुटणार, हे सगळं त्याच्या डोक्यात. आणि त्याच्या बोटांचं वंगण आमच्या नकाशावर. खोली इतकी लहान की एकाला जांभई आली तर बाकीच्यांनी जिन्यात जाऊन उभं राहावं. पाच खुर्च्या मावायच्या. सहावी एकदा घालून बघितली होती, तर खिडकीच बाहेर पडली.

त्या रविवारी मला उशीर झाला होता. जिना चढताना फाशांची थैली हातातून सुटली, आणि वीस बाजूंचा माझा लाडका फासा टणाटण उड्या मारत खाली निघाला… एक वळण, दुसरं वळण… आणि शेवटच्या पायरीवर एका निळ्या चपलेला टेकून थांबला.

"एकोणीस," चपलेची मालकीण वाकून म्हणाली. "चांगला पडलाय. घ्या धरून."

"जिन्यात पडलेला धरत नाहीत."

"हा कुणाचा नियम?"

"माझाच. आत्ताच केला."

"मग बदला की. अजून ओला असेल."

तिने फासा माझ्या तळहातावर ठेवला. तिच्या बोटांना कसलीशी गुलाबी भुकटी लागली होती आणि जिन्याच्या झरोक्यातून आलेलं ऊन नेमकं त्या बोटांवर पडलं होतं. मी तिच्या डोळ्यांकडे बघत होतो. ती माझ्या तोंडाकडे बघत होती. माझ्या छातीत असं काही धडधडलं की खाली दुकानात टांगलेल्या सगळ्या सायकलींच्या घंट्या वाजल्या.

"सुळा छान आहे तुमचा," ती म्हणाली. "बाकीच्या दातांनी त्याच्याकडे बघून काहीतरी शिकायला हवं होतं."

ती कवळ्या बनवायची. भुकटी कवळीतल्या हिरड्यांची होती. आमच्यात जो नेहमी जादूगार व्हायचा, त्याची ती धाकटी बहीण. दादा दिवा बदलताना शिडीवरून पडला होता, पाय प्लास्टरमध्ये होता, जिना चढणं शक्य नव्हतं. "प्लास्टर निघेपर्यंत त्याच्या खुर्चीवर मी," तिने वर आल्या आल्या जाहीर केलं. "निघालं की त्याची खुर्ची त्याला, आणि माझा रविवार मला."

पात्र मात्र तिने स्वतःचं बांधलं. जादूगारीण. शुद्ध जादूगारीण, दुसऱ्या कशाची भेसळ नाही.

"एकच पेशा?" मी विचारलं.

"आठवडाभर बत्तीस-बत्तीस दात घडवते, एकासारखा दुसरा नाही. रविवारी तरी एकच काम, आणि तेवढं नीट."

"आजोबा," आमची नात मध्येच म्हणाली, "तुम्ही कोण होतात?"

"योद्धा, ठकूबाई. ढाल-तलवारवाला. आणखी दोनच मोहिमा, की मला एका दमात दोन वार करता येणार होते. त्या दोन वारांसाठी मी वर्षभर घाम गाळला होता."

आणि पहिल्याच मोहिमेत एका कोळ्याने तिच्या जादूगारणीला चावा घेतला. नुसता कागदावरचा चावा. पण तिने "आई गं" असं इतकं हळू म्हटलं, की मला ऐकवलं नाही. खेळाचा नियम असा : मोहीम संपली की एक पायरी चढायची. ती जुन्या पेशात चढा, नाहीतर नव्या पेशाच्या पहिल्या पायरीवर पाय ठेवा. नवा घेतलात तर जुना होता तिथेच थांबतो. सूत्रधाराने विचारलं, "पुढची पायरी योद्ध्याचीच ना?"

"वैद्याची," मी म्हटलं.

"अरे, तुझे दोन वार!"

"एक पुरतो मला."

तिने चष्म्याच्या वरून माझ्याकडे बघितलं. तिच्या चष्म्याची डावी काच तिरकी बसवली होती, हे मला तेव्हाच कळलं.

मग काय, माझ्या वीराच्या आयुष्याची वाट लागली. पुढच्या खेपेला ती फासा टाकायच्या आधी गुणगुणली, आणि मी गवई झालो. त्यानंतर एका कुलपापाशी आमची मोहीम अडली, ती म्हणाली, "इथे कुणाला कुलपं उघडता आली असती तर…" आणि मी चोर झालो. मग गुहेत लांडगा भेटला. तिला लांडगा आवडला. मी वनरक्षक झालो, केवळ त्या लांडग्याशी दोन शब्द बोलता यावेत आणि त्याने तिच्याशी नीट वागावं म्हणून.

"हे पात्र आहे की किराणा दुकान?" सूत्रधाराने कपाळाला हात लावला. कपाळावर वंगण उमटलं. "प्रत्येक मालाची एकेक पुडी, आणि गोणी कशाचीच नाही."

मोहिमेवर माझी अवस्था वाईट असायची. गाणं म्हणावं तर शत्रू हसायचे, कुलूप उघडावं तर किल्ली मोडायची, तलवारीचा वार असा की समोरच्याने वळून विचारावं, "काही म्हणालात का?" फक्त जखमा तेवढ्या बऱ्या करता यायच्या. लहानसहान.

"हे सगळं कुणासाठी चाललंय?" एका रविवारी जिना उतरताना तिने विचारलं.

"आपल्या टोळीसाठी."

"टोळीत चार जण आहेत. जखम कायम माझीच भरून येते."

"तुम्ही… जवळ बसता."

"तो बिचारा समोरचा दाढीवाला परवा हात तुटून पडला होता. त्याला तुम्ही म्हणालात, चालेल तेवढ्यावर."

मी आपला धंदा पुढे केला. "तुमची डावी काच चुकीची बसलीये. माझ्याकडे बघताना तुम्ही मान तिरकी करता."

"ती काचेमुळे नाही करत," ती म्हणाली, आणि वळणावरून खाली दिसेनाशी झाली.

मी तिथेच उभा राहिलो. किती वेळ, ते विचारू नका. खांद्यावर कबुतराने घरटं केलं, अंडी घातली, पिल्लं उडाली, तेव्हा भानावर आलो.

"आजोबा."

"बरं. घरटं अर्धवट होतं."

पुढच्या रविवारी मी दुकानातून तिच्या नंबरची काच घासून आणली आणि खिडकीशी तिच्या चष्म्यात बसवून दिली. तिने चष्मा घातला, माझ्याकडे बघितलं, आणि मान तशीच तिरकी ठेवली. आपण सांगितलेलं खरं होतं, हे तिला दाखवून द्यायचं होतं. मला ते दिसलं. आणि दिसूनही मी काय म्हणालो असेन? "काचेला तीन महिन्यांची गॅरंटी आहे."

त्याच दिवशी निघताना ती म्हणाली, "शुक्रवारी दादाचं प्लास्टर निघणार. म्हणजे हा रविवार धरून… नाही, आज नाही धरायचा. पुढचा तेवढा शेवटचा. डॉक्टरांनी सांगितलंय, आणखी एक आठवडा जिना नको."

तिने हे सांगितलं आणि ती थांबली. पायातली चप्पल उगाच सारखी केली. खाली कुणीतरी सायकलच्या चाकात हवा भरत होतं, फस्… फस्… फस्… तेवढाच आवाज. मला कळत होतं की आता मी काहीतरी बोलायचं आहे. पाच खुर्च्या आहेत, सहावी मावत नाही. दादा आला की ती जाणार. रविवारशिवाय मी तिला कुठे भेटणार? दात माझे सगळे शाबूत होते.

"दादाला… जपून चढायला सांगा," मी म्हणालो.

"सांगते," ती म्हणाली.

आता पुढचं नीट ऐक, ठकूबाई, कारण अशी दुपार पुन्हा कधी झाली नाही. शेवटच्या रविवारी सूत्रधाराने ड्रॅगन काढला. साधा आग ओकणारा नव्हे, बर्फाचा. त्याने श्वास सोडला असं सूत्रधार म्हणाला, आणि आमच्या कपांतल्या चहावर साय धरावी तसा बर्फ धरला. दाढीवाला गारठला. चौथा गडी पळाला. जादूगारीण एकटी उभी राहिली, एकच पेशा, ताठ मानेने. आपला सगळ्यात मोठा मंत्र तिने टाकला. ड्रॅगन हलला. पडला नाही. त्याने पंजा मारला आणि ती कोसळली.

तिने आपल्या जादूगारणीचा पुतळा हलक्या हाताने आडवा केला.

"या खेपेला हिला कुणी उठवलं नाही," सूत्रधार म्हणाला, "तर संपली ही. आता पाळी तुझी, किराणा दुकान."

"वीस पायऱ्यांचा वैद्य लागतो त्याला," आमची नात पुटपुटली.

"तू गप्प ऐक. मी उभा राहिलो. माझे पाचही पेशे मी एकदम बाहेर काढले. वनरक्षकाच्या शिट्टीसरशी लांडगा धावला आणि त्याने ड्रॅगनची शेपटी धरली. गवयाने तान घेतली, ड्रॅगनच्या डोळ्यांत पाणी आलं. चोराने पंजाखालून तिला अलगद ओढलं. योद्ध्याने ढाल धरली. आणि वैद्याने…"

"एका पाळीत एवढं चालत नाही."

"त्या काळी चालायचं."

"आजोबा, पहिल्या पायरीच्या वैद्याला मेलेलं माणूस उठवता येत नाही. पुस्तकात आहे."

"पुस्तकात माझं नाव आहे का? नाही ना? मग. आता फासा. मी फासा मुठीत धरला, फुंकर मारली, टाकला. तो टेबलभर गरगर फिरला, चहाच्या कपाला आपटला, नकाशावरची नदी ओलांडली, ड्रॅगनच्या पायाशी गेला आणि थांबला. वीस! ड्रॅगन कोसळला, खोलीचं छप्पर हललं, खाली दुकानात सगळ्या सायकली आपोआप चालायला लागल्या. जादूगारणीने डोळे उघडले. आणि मी, तिथेच, सगळ्यांसमोर, एक गुडघा टेकवून, खणखणीत आवाजात म्हणालो, बाई, मी पाच पेशे घेतले ते पाचही तुमच्यासाठी घेतले, आता सहावा तुमच्या नवऱ्याचा…"

"एक," खिडकीकडून आवाज आला.

आमची नात वळली. मी नाही वळलो.

"वीस नव्हता. एक आला होता. त्याहून वाईट आकडा त्या फाशात नाही." तिची आजी निळा राक्षस वाळायला ठेवत होती. "ड्रॅगनने याला शेपटीने भिंतीवर आपटलं आणि माझी जादूगारीण गेली. गुडघाबिडघा काही टेकवला नाही याने. खणखणीत आवाज तर सोडच, तोंडातून शब्द फुटत नव्हता. चष्मा काढून पुसत बसला, परत घातला, परत पुसला. सूत्रधारसुद्धा बघायला तयार नव्हता, नकाशात तोंड घालून बसला होता. शेवटी मीच म्हटलं, अरे, ती मेलीये. मी नाही मेले. मी ही इथे बसलेय, तुझ्या शेजारी, आणि पुढच्या रविवारीही इथेच बसणार आहे. दादाला सांग, त्याने आता जिन्यात बसायचं."