रिकामं मनगट

मी ट्रामची खिडकी उघडली आणि शेजारचा माणूस मेला.

निदान अख्ख्या ट्रामला तरी तसंच वाटलं. आमच्या बेलग्रेडात माणूस सिगारेटला भीत नाही, चरबीला भीत नाही, पण समोरासमोर दोन खिडक्या उघड्या दिसल्या की थरथर कापतो. वाऱ्याचा झोत लागला, की माणूस खलास!

"मारलंस ना बिचाऱ्याला!" मागची म्हातारी ओरडली. "लाव ती खिडकी, बये!"

त्याची मान कलली होती. मी घाईघाईनं मनगट धरलं... नाडी नाही. बोट इकडे, बोट तिकडे — काहीच नाही! मंडईत मिरच्या विकताना भल्याभल्यांना टोप्या घालणारी मी... एका खिडकीनं खुनी झाले!

त्यानं एक डोळा उघडला. "धरा ना अजून थोडा वेळ... डुलकी छान लागली होती."

"अहो, तुम्हाला नाडी नाहीये!"

"तिथली नस काढून हृदयाला लावलीय. बायपास झालंय माझं. नाडीच हवी असेल, तर..." त्यानं दुसरा हात पुढे केला.

माझा स्टॉप मागे गेला, तरी मी तो हात सोडला नाही.

त्याचं नाव मोमिर. अकॉर्डियन दुरुस्त करायचा. मग रोज माझ्या मंडईतल्या गाळ्यावर येऊन बसायला लागला. मिरच्या भाजताना मी एकदा विचारलंच, "काय रे, लग्न करतोस का माझ्याशी?"

तो हसला नाही.

"ऑपरेशनला दहा वर्षं झाली, रुझिका. आता तपासणी आहे. ती नस बंद निघाली तर... तुला विधवा करायला घरी आणू?"

"डॉक्टर काय म्हणतात?"

"हातातली नस पायातल्यापेक्षा जास्त टिकते म्हणे. दहा वर्षांनीही बहुतेकांची उघडीच असते."

बहुतेकांची! त्या एका शब्दानं माझी झोप उडवली. तो जिना चढला, की मी त्याचा श्वास ऐकायची. त्याच्या दुकानात अकॉर्डियनचा सूर मध्येच तुटला, की मी दारातून डोकावून बघायची.

तपासणीच्या दिवशी मी नर्सला चिक्कार विनोद सांगितले. ती हसत होती, माझी जीभ मात्र कोरडी पडली होती.

त्याला खोलीत आणलं. डोळे मिटलेले, चेहरा मेणासारखा. "मोमिर?"

मी खांदा हलवला.

डावं मनगट धरलं — रिकामं. उजव्यातून तपासणीची तार हृदयापर्यंत घातली होती, तिथे आता घट्ट पट्टा. नाडी शोधू तरी कुठे? मी त्याच्या छातीवर कान टेकला. माझंच काळीज इतकं धडधडत होतं की काही कळेना... आणि मग — धप्... धप्...

"उघडी आहे," वरून हळूच आवाज आला. "डॉक्टर म्हणाले, झकास वाहतेय."

"मग मढ्यासारखा का पडला होतास, मेल्या?"

"बघत होतो... ट्राममधल्यासारखा हात धरतेस का."

माझे डोळे भरून आले. ते लपवायला मी खेकसले, "आता लग्न करतोस, की मिरच्यांचं पोतं घालू डोक्यात?"

"करतो! करतो... पण आधी ते दार लाव. खिडकी उघडी, दार उघडं — झोत लागून मरेन ना मी!"

मी उठले. दार सताड उघडलं, खिडकीही पुरती ढकलली. वारा भसकन आत शिरला. त्यानं डोळे गच्च मिटून घेतले. मी परत येऊन त्याच्या छातीवर कान ठेवला.

"हं. मर बघू आता."

नाही मेला.