आजोबांनी सोडलेल्या फटी

"तिन्ही माकडं बाहेर," काका म्हणाले आणि त्यांनी दार ओढून घेतलं.

"माकडं म्हणे," गेंडा पुटपुटला. "त्यातली दोन स्वतःचीच आहेत."

गेंडा आणि शेपूट ही काकांची मुलं. गेंडा समोर येईल त्याला धडकायचा आणि धाकटा शेपूट कायम त्याच्या मागे लोंबकळलेला असायचा. टिटवी त्यांची चुलत बहीण. तिघांची नावं आजोबांनीच पाडलेली. कुठे खुट्ट झालं की टिटवी ओरडलीच. आज सकाळपासून दोनदा झालं होतं. एकदा वाटेत साप दिसला म्हणून, तो दोर निघाला. मग तिच्या तान्ह्या भावाला, बाळाला, ताप आलाय म्हणून. त्याला आईनं दोन स्वेटरांत कोंबलं होतं, एवढंच.

"आता तिसऱ्यांदा ओरडलीस तर तुला खाली पाठवणार आहेत," गेंडा म्हणाला. "बाबा म्हणालेत."

टिटवीचं तिकडे लक्षच नव्हतं. ती झोपडीकडे बघत होती.

आजोबांना जाऊन वर्ष झालं होतं. जन्मभर दुसऱ्यांची घरं बांधणाऱ्या त्या माणसानं स्वतःच्या हौसेनं काय बांधलं, तर डोंगरमाथ्यावरची ही एका खोलीची दगडी झोपडी. सुट्टी मिळाली की सिमेंटची पिशवी पाठीवर टाकून निघायचे. हातात थापी नसेल तेव्हा पायाखाली पाऊलवाट हवीच, असा माणूस. म्हणून त्यांची आठवण काढायला सगळे इथेच जमले होते. शेजारी, जुने मित्र, आजी, काका-काकू, बाळाला घेऊन आई. टिटवीचे बाबा राहिलेल्या पाहुण्यांना आणायला गाडी घेऊन खाली गेले होते.

ढग झोपडीवर टेकला होता. दहा पावलांपलीकडचं झुडूपही दिसत नव्हतं. वारा असा सुटला होता की टोपी हातानं धरून ठेवावी लागत होती.

"गेंड्या," टिटवी हळूच म्हणाली, "शिट्टी कुठे गेली?"

"कुठली शिट्टी?"

"झोपडीची."

गेंडा थांबला. त्यानं कान दिला, आणि त्याच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं.

आजोबांच्या प्रत्येक घरात छपराखाली, भिंतीच्या डोक्यावर बोटभर फटी असायच्या. गिऱ्हाईकं चिडवायची, "घर बांधलंय की चाळणी?" आजोबा हसायचे, पण फटी सोडायचेच. वारा सुटला की त्या फटींमधून ही झोपडी शिट्टी घालायची. मुलं तिच्या शिट्टीतच मोठी झाली होती. आणि आज एवढ्या वाऱ्यात झोपडी मुकी होती.

"शेपट्या, चढ," गेंडा खाली बसला. शेपूट त्याच्या खांद्यावर चढला आणि छपराखाली हात घालून चाचपू लागला.

"पांढरं काहीतरी आहे. मऊ मऊ. फोम." तो भिंतीला धरून सरकत गेला. "इथे पण. इथे पण. सगळीकडे कोंबलाय."

"बाबांनीच केलं असणार," गेंडा म्हणाला. "परवा फोमचं भेंडोळं गाडीत टाकत होते. म्हणाले, यंदा आजीचे गुडघे गारठणार नाहीत."

"आत शेगडी आहे," टिटवी म्हणाली.

"दोन आहेत. मीच कोळसे नेऊन दिले."

टिटवीला आजोबांचे शब्द आठवले. तंबूत कितीही हुडहुडी भरली तरी आजोबा निखारा आत येऊ देत नसत. "धूर डोळ्यांना कळतो," ते सांगायचे. "निखाऱ्यातून अजून एक वायू येतो, तो ना दिसतो, ना त्याला वास येतो. तो नुसता झोपवतो."

तिनं दार ढकललं. उबेचा लोट अंगावर आला. आत मिस्त्री उभे होते. आजोबांबरोबर त्यांनी उभी हयात भिंती रचल्या होत्या.

"जिना बांधायचा असला," मिस्त्री सांगत होते, "की घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाला आधी चालवून बघायचे. त्याचा पाय किती उचलला जातो ते बघून मग पायरीची उंची. आणि हातात कायम ती... ती आपली... काय म्हणतात तिला?"

मिस्त्रींना थापी हा शब्द आठवत नव्हता. सगळे हसले. जरा जास्तच वेळ हसले. काकू कपाळ दाबत होती. आजीची मान छातीवर पडली होती. आईच्या मांडीवर बाळ होतं. त्याचा हात सतरंजीवर नुसता लोंबत होता.

"काका, शेगड्या बाहेर काढा. फटी बुजल्यात. हवा विषारी झालीय."

"झालं हिचं सुरू," काका म्हणाले. त्यांची जीभ जड झाली होती. "अगं, फटी मीच बुजवल्या. बाबांचं सगळं चोख, तेवढं एक वेड होतं. आज आपण ते..." ते क्षणभर हरवल्यासारखे झाले. "दार लाव. वारा येतोय."

"आई, बाळाला उठव. बघ तरी त्याच्याकडे."

"आत्ताच झोपलंय गं," आई डोळे मिटूनच म्हणाली.

ही तीच आई, जी बाळ शिंकलं तरी दचकून उठायची. टिटवी तिच्याकडे धावली, पण काकांनी तिला दंडाला धरून बाहेर काढलं. मागे कडी लागल्याचा आवाज आला.

थंड वारा तोंडावर बसला तेव्हा तिला कळलं, एवढ्याशा वेळात आपलंही डोकं ठणकायला लागलंय.

"मी काच फोडतो," गेंड्यानं दगड उचलला.

"खिडकीखाली बाळ आहे. त्यांनी स्वतःच कडी काढायला हवी."

"ते कशाला काढतील? तुझं ऐकत नाहीत, माझं ऐकणार आहेत?"

"काका कशासाठी धावत येतात, सांग पटकन."

गेंड्यानं एक क्षण विचार केला. मग खालच्या वळणाकडे बघितलं. काकांची नवी कोरी गाडी तिथे ढगात बुडालेली होती.

"मार खाईन मी," तो म्हणाला आणि दारावर दणादणा बुक्क्या मारू लागला. "बाबा, तुमची गाडी उताराला लागली! चालली दरीत!"

कडी निघाली. काका बाण सुटावा तसे बाहेर पडले आणि त्यांच्यामागे धडपडत चार-पाच पुरुष. थोडं पुढे जाताच काकांचे गुडघे मुडपले. ते चिखलात बसले आणि भडाभडा ओकले.

तिकडे बघायला वेळ नव्हता. शेपटानं उघड्या दाराला लाकडी बाक लावलं आणि वर स्वतःच बसला. टिटवी श्वास रोखून आत घुसली. तिनं खिडकी उघडली, बाळाला उचललं आणि बाहेर पळाली. बाळ पिठाच्या पिशवीसारखं जड लागत होतं.

"आई, ऊठ! बाळ बाहेर आहे," ती दारातून ओरडली. तेव्हा कुठे आई भिंतीला धरत उठली. काकू तिच्यामागे आली, मिस्त्री रांगत आले. इतर एकमेकांना ओढत बाहेर पडले.

आजी हललीच नाही. गेंडा आणि टिटवीनं सतरंजीची दोन टोकं धरली आणि आजीला सतरंजीसकट उंबऱ्यावरून ओढून वाऱ्यात आणलं.

टिटवी बाळाच्या छातीला कान लावून बसली. वाऱ्यात काही ऐकू येईना. तिनं त्याचे तळवे चोळले, गालावर चापट्या मारल्या. "रड ना रे," ती म्हणत होती, "रड ना, गाढवा."

बाळानं तोंड वाकडं केलं. आधी एक बारीक कुरकुर, आणि मग असं भोकाड की आई जागच्या जागी खाली बसली आणि त्याच्याबरोबर रडू लागली. थोड्या वेळानं आजीनंही डोळे किलकिले केले.

टिटवीचे बाबा गाडी घेऊन वर आले तेव्हा सगळे गवतावर आडवे पडलेले होते. मग फोन झाले, रुग्णवाहिका आली.

संध्याकाळी दवाखान्याच्या लांबट खोलीत ओळीनं खाटा होत्या, आणि प्रत्येक खाटेवर नाकाला प्राणवायूची नळी लावलेला कोणीतरी घरचा. डॉक्टरीणबाईंनी मुलांनाही तपासलं. "आणखी थोडा उशीर झाला असता, तर बाळाचं काही सांगता आलं नसतं," त्या म्हणाल्या. "धूर नाही, वास नाही. ओळखलं कसं तुम्ही?"

"झोपडी शिट्टी घालत नव्हती," शेपूट म्हणाला. बाईंना काही कळलं नाही.

काका छताकडे बघत पडले होते. "तिनं मला सांगितलं होतं," ते हळूच म्हणाले. "मी तिला बाहेर काढून कडी लावली. ती फट काय कामाची, हे बाबांना कधी विचारलंही नाही."

"विचारलं असतंस तरी त्यांनी सांगितलं नसतं," आजी म्हणाली. नळीमुळे तिचा आवाज घोगरा येत होता. "लग्नाच्या आधीची गोष्ट. तिघे मित्र डोंगरात गेले होते. बर्फासारखी थंडी. तंबूत शेगडी घेतली आणि चहूबाजूंनी तंबू बंद केला. सकाळी हे एकटेच उठले. हे दाराशी झोपले होते, तिथे कापड जरासं उसवलेलं होतं."

आजीनं नाकातली नळी सारखी केली.

"मला एकदाच सांगितलं. म्हणाले, मुलांना ही गोष्ट सांगून घाबरवू नकोस, मी आपल्या भिंतींची काळजी घेतो. लोक हसले तर हसू दे." आजीनं हात पुढे केला. टिटवी जवळ गेली. "त्या तंबूत यांना हाक मारून उठवणारं कोणी नव्हतं. आमच्यासाठी तू होतीस. आणि आपल्या बापाला फसवणारा हा गेंडा होता, आणि दार धरून बसलेला हा एवढासा."

काकांनी गेंड्याला जवळ ओढलं. "गाडीचं खोटं बोललास ना?"

"हो."

"बरं केलंस," काका म्हणाले, आणि बराच वेळ त्यांनी त्याला सोडलं नाही.

तेवढ्यात परिचारिका आली. तिनं सगळ्या खाटांवरून नजर फिरवली आणि ती खिडकीकडे वळली. "किती गार वारा येतोय. बंद करते हं मी."

"नको," सगळ्या खाटांवरून एकदमच आवाज आला. "राहू द्या उघडी."